दिवसाला शंभर आभार

डोळे उघडलेत, पांघरूण अजून अंगावरच आहे, पाय जमिनीला लागायचे आहेत. धर्म पाळणाऱ्या ज्यू घरांत दिवसाचं पहिलं वाक्य याच क्षणी तोंडून निघतं. रात्री सोपवलेला जीव देवाने सकाळी परत दिला, त्याबद्दल त्याचे आभार. ‘मोदे अनी’ असं या प्रार्थनेचं नाव. पुरुष ‘मोदे’ म्हणतो, बाई ‘मोदा’. मूळ हिब्रूत अवघे १२ शब्द. मूल बोलायला लागलं की त्याला ज्या पहिल्यावहिल्या प्रार्थना शिकवतात, त्यांतली ही एक.

या १२ शब्दांत देवाचं नाव कुठेच नाही. कारण अगदी घरगुती आहे: अजून हात धुतलेले नाहीत. पारोशा हातांनी नाव कसं घ्यायचं? पण म्हणून आभार खोळंबून ठेवायचे नाहीत, नाव न घेता मानायचे. हे शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतात ते गालिलीतल्या त्सफात गावचे रब्बी मोशे बेन माखिर यांच्या ‘सेदेर हायोम’ या पुस्तकात. ते व्हेनिसला १५९९ साली छापलं गेलं. ज्यू परंपरेच्या मानाने ही प्रार्थना तरुणच म्हणायची, कारण पुढे जे काही येणार आहे ते बहुतेक दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

दोन कानांचा तांब्या

मग हात धुणं. त्यासाठी खास भांडं असतं, दोन बाजूंना दोन मोठे कान असलेलं. आधी उजव्या हातावर पाणी, मग डाव्यावर, पुन्हा उजव्यावर, असं आळीपाळीने प्रत्येक हातावर तीनदा. हात बदलताना सोपं जावं म्हणून दोन कान. काही घरांत रात्रीच हे भांडं पाणी भरून, खाली परात ठेवून, पलंगाशेजारी मांडलेलं असतं. धुऊन झालं की त्याचीही ब्राखा. ब्राखा म्हणजे देवाला उद्देशून म्हटलेलं स्तुतीचं, आभाराचं ठराविक शब्दांतलं वाक्य. ‘मोदे अनी’ ही मोकळी प्रार्थना. ब्राखेत मात्र देवाचं नाव असावंच लागतं. या लेखात यापुढे दर दोन ओळींनी ब्राखा येणार आहे, आणि ज्यू माणसाच्या दिवसातही ती तितक्याच वेळा येते.

संडासातून बाहेर आल्यावर

दिवसातून अनेकदा म्हटली जाणारी आणि बाहेरच्यांना सगळ्यात अनपेक्षित वाटणारी ब्राखा हीच. नाव ‘अशेर यात्सार’. लघवी किंवा शौचाला जाऊन आल्यावर, हात धुऊन, दाराबाहेर उभं राहून म्हणायची. आत मात्र अजिबात नाही. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात ती आबाये या पंडिताच्या नावावर आहे. हा चौथ्या शतकातला, बाबिलोनियातला माणूस. मजकूर थोडक्यात असा: देवाने माणूस शहाणपणाने घडवला, त्याच्या अंगात वेगवेगळी छिद्रं आणि पोकळ्या केल्या, आणि यांतलं जे बंद राहायला हवं ते उघडलं किंवा जे उघडं हवं ते तुंबलं, तर माणूस देवापुढे उभादेखील राहू शकणार नाही.

जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वी कुणाला मूत्रपिंडाची सूक्ष्म रचना ठाऊक नव्हती, रक्तवाहिनीत गुठळी अडकते हे माहीत नव्हतं. तरी मुद्दा नेमका पकडला आहे. घरात कुणाला मुतखडा झाला असेल, किंवा ऑपरेशननंतर ‘लघवी झाली का?’ या एका प्रश्नावर अख्खं घर टांगलेलं असेल, तर या ब्राखेतला शब्दन् शब्द पटतो. नर्सने ‘झाली’ असं सांगितल्यावर नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेच इथे रोज, तब्येत धडधाकट असताना, म्हणून ठेवलं आहे. अनेक ज्यू घरांत आणि संस्थांत संडासाच्या बाहेर भिंतीवर हा मजकूर छापून लावलेला असतो. मला या सगळ्या परंपरेतलं हेच सर्वांत धाडसी वाटतं. देवाचे आभार मानायला देवघर गाठायचं नाही, शरीराच्या सगळ्यात खासगी, सगळ्यात दुर्लक्षित कामापासून सुरुवात करायची.

चपला घालतानाही

सकाळच्या ब्राखांची एक मालिकाच तालमूदमध्ये आहे आणि तिचा क्रम म्हणजे जाग आल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतचा क्रम. कोंबडा आरवला, दिवस-रात्र ओळखण्याची समज दिल्याबद्दल. डोळे उघडले, दृष्टी दिल्याबद्दल. उठून बसलो, जखडलेल्याला मोकळं केल्याबद्दल. कपडे चढवले, उघड्याला पांघरूण दिल्याबद्दल. पाठ सरळ केली, वाकलेल्याला ताठ केल्याबद्दल. पाय जमिनीवर टेकला, पाण्यावर जमीन पसरल्याबद्दल. चपला घातल्या, माझी सगळी गरज भागवल्याबद्दल.

चपलांची ब्राखा वर्षातून दोन दिवस काही जण गाळतात. योम किप्पूर आणि तिशा बेआव या उपासाच्या दिवशी चामड्याची पादत्राणं घालायची नसतात. पायात नाही तर आभार कसले मानायचे, इतका साधा विचार.

मुळात प्रत्येक कृतीबरोबर एक वाक्य असं होतं. कालांतराने लोकांना पाठ येईना, हातही धुतलेले नसत, म्हणून ही सगळी मालिका सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, एकदम म्हणायची पद्धत पडली. बाराव्या शतकातले मोठे धर्मशास्त्री मैमोनिदीस यांना हे मुळीच पसंत नव्हतं. ज्या कृतीची ब्राखा ती त्या कृतीच्या वेळीच, आणि जी कृती घडलीच नाही तिची ब्राखाच नाही, असा त्यांचा आग्रह. प्रथा मात्र सिनेगॉगचीच टिकली. मी मनाने मैमोनिदीसच्या बाजूने आहे. पाठ सरळ होते त्या क्षणी पाठीचे आभार मानण्यात जो जिवंतपणा आहे, तो अर्ध्या तासाने खुर्चीत बसून यादी वाचण्यात येत नाही.

शंभर भरले का?

दुसऱ्या शतकातले रब्बी मेइर यांनी आकडाच ठरवून दिला: माणसाने दिवसाला १०० ब्राखा म्हणायला हव्यात. यामागे एक कथाही सांगतात. दावीद राजाच्या काळात साथ आली, रोज १०० माणसं दगावू लागली. राजाने रोज १०० ब्राखांचा नेम घालून दिला आणि साथ थांबली.

आकडा ऐकून छाती दडपते, पण हिशेब मांडला की सोपं जातं. उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, ‘अमिदा’, दिवसातून तीनदा होते आणि तिच्यात १९ ब्राखा असतात. म्हणजे ५७ तिथेच झाल्या. (या प्रार्थनेला आजही सगळे ‘अठरा’ म्हणतात. एकोणिसावी नंतर जोडली गेली, नाव जुनंच राहिलं.) उरलेल्या ४३ सकाळची मालिका, जेवणखाण, चहापाणी आणि संडास यांत सहज निघतात.

पंचाईत होते शनिवारी. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या या विश्रांतीच्या दिवशी, अमिदा आखूड, फक्त ७ ब्राखांची. ती चार वेळा म्हटली तरी २८. रोजच्यापेक्षा २९ कमी! तालमूदमध्ये रब्बी अव्या यांचे चिरंजीव रब्बी हिय्या यांनी यावर काढलेली युक्ती नोंदवलेली आहे. ते शब्बाथला आणि सणाला सुगंधी वस्तू हुंगत आणि गोडधोड खात, प्रत्येकाची वेगळी ब्राखा म्हणत, आणि तूट भरून काढत. धर्माचं कर्ज फेडण्याचा यापेक्षा गोड मार्ग मला तरी ठाऊक नाही. आजही कित्येक घरांत शनिवारी दुपारी फळं, सुकामेवा, वासाची फुलं समोर येतात ती याच कारणाने.

वासाची ब्राखा स्वतंत्र आहे, हे इथेच सांगायला हवं. तालमूद म्हणतं की अन्नाचा आनंद शरीर घेतं, सुगंधाचा आनंद मात्र आत्मा घेतो, तेव्हा आभार त्याचेही व्हायला हवेत. शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देताना मसाल्याची डबी हातोहात फिरते. तिच्यात बहुधा लवंग असते.

केळं झाडाला लागतं का?

खाण्याआधीच्या ब्राखा म्हणायच्या तर वनस्पतिशास्त्र यावं लागतं. भाकरी-पावासाठी एक ब्राखा, धान्याच्या इतर पदार्थांना दुसरी, वाइनला तिसरी, झाडाच्या फळांना चौथी, जमिनीतल्या पिकाला पाचवी, आणि यांत न बसणाऱ्या सगळ्याला सहावी. आंबा, नारळ, फणस झाडाचे. भुईमूग, काकडी, अननस जमिनीचे. आणि केळं? जळगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. घड कापला की तो खांब संपला, पुढचं पीक बाजूच्या पिल्लाला येतं. लाकडी खोड नाही, दरवर्षी त्याच फांदीला फळ नाही. म्हणून केळ्याची ब्राखा जमिनीची! शतकांपूर्वीच्या धर्मपंडितांचा आणि आजच्या वनस्पतिशास्त्राचा निकाल इथे एकच आहे. शास्त्रही केळीला झाड म्हणत नाही.

मश्रूम जमिनीवर उगवतो, पण जमिनीतून पोसला जात नाही, हे तालमूदच्या काळातच लक्षात आलं होतं. म्हणून त्याला सहावी, सर्वसाधारण ब्राखा.

भात मोठा विलक्षण. खाण्याआधी त्याला धान्याच्या पदार्थांची ब्राखा, आणि खाल्ल्यावर मात्र धान्याची न म्हणता साधी, छोटी. पोट भरतं हे मान्य, पण पवित्र भूमीच्या धान्यांत तो मोडत नाही.

पाण्याचीही ब्राखा आहे, पण तहान असेल तरच. घशात घास अडकला म्हणून घोट घेतला, तर नाही. पाण्याने तहान भागवली तर तो आनंद, ठसका थांबवला तर ती केवळ गरज. इतका बारकावा!

आणि एवढा खटाटोप कशासाठी? रब्बींचं म्हणणं असं की सगळं जग देवाचं आहे, ब्राखा म्हणून घेतलं की ते आपल्या वाट्याला येतं. न विचारता खाल्लं तर ती देवाच्या मालातली चोरी.

भुकेल्यापेक्षा तृप्ताला आठवण हवी

एक गोष्ट कळल्यावर मी थबकले. जेवणाआधीच्या या सगळ्या ब्राखा रब्बींनी नंतर घातलेल्या आहेत. तोरेत, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकात थेट आज्ञा आहे ती जेवणानंतरच्या आभारांची: खाऊन तृप्त झाल्यावर देवाचे आभार मान. आणि लगेच पुढे इशारा आहे की पोट भरलं, चांगली घरं बांधली, गुरंढोरं-सोनंनाणं वाढलं, की मन चढेल आणि हे सगळं मी माझ्या बळावर मिळवलं असं वाटू लागेल. भुकेल्याला देव आठवतोच. ढेकर दिल्यावर आठवायला नेम लागतो.

जेवणानंतरच्या या प्रार्थनेत चार ब्राखा आहेत आणि तालमूदने त्यांचा इतिहास सांगितला आहे. वाळवंटात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, मिळालं तेव्हा पहिली मोशेने रचली. देशात पाऊल ठेवल्यावर दुसरी यहोशवाने. तिसरी यरुशलेमसाठी दावीद आणि शलमोन यांनी. चौथी सगळ्यांत हृदयाला भिडते. रोमनांनी बेतार या ज्यूंच्या गडाचा पाडाव केला, हजारो मारले गेले, प्रेतं कित्येक काळ पुरू दिली नाहीत. शेवटी पुरण्याची परवानगी मिळाली, आणि ती प्रेतं तोवर सडली नव्हती, असं परंपरा सांगते. त्या दिवशी यावने इथल्या पंडितांनी ही चौथी ब्राखा जोडली. एवढ्या मोठ्या पराभवातही आभार मानण्याजोगं जे हाताला लागलं, ते त्यांनी रोजच्या जेवणाच्या पानावर आणून ठेवलं.

बेन झोमा नावाचे पंडित जमाव पाहून जे म्हणायचे, ते प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात लावावं असं आहे. आदामाला एक भाकरी खायची तर किती राबावं लागलं असेल, असा त्यांचा सवाल. नांगरणी, पेरणी, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं, आणि मग कुठे घास. आणि मी? सकाळी उठतो तर सगळं तयार. अंगावरच्या कपड्याचंही तसंच: लोकर कातरणं, धुणं, पिंजणं, कातणं, विणणं. हे सगळं करणारी माणसं माझ्या दाराशी येतात, म्हणून गर्दी पाहून ते देवाचे आभार मानायचे. गर्दी पाहून! मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी सव्वासहाला हे आठवून पाहावं.

पाहुणा कसा असावा हेही त्यांनीच सांगितलं. चांगला पाहुणा म्हणतो, यजमानाने केवढं केलं, सगळं माझ्यासाठी. वाईट पाहुणा म्हणतो, मी एक पोळी खाल्ली, एक तुकडा मांसाचा, एक पेला प्यायलो. बाकी त्याने बायकोपोरांसाठीच केलं होतं.

हत्ती, इंद्रधनुष्य, जुना मित्र

हत्ती किंवा माकड दिसलं की प्राण्यांत एवढी विविधता घडवल्याबद्दल ब्राखा. समुद्र महिनाभराने पुन्हा दिसला की ब्राखा. वीज चमकली, गडगडलं, ब्राखा. इंद्रधनुष्याला ब्राखा आहे, पण त्याच्याकडे टक लावून पाहू नये म्हणतात. वसंतात, निसान महिन्यात, फळझाड फुललेलं पहिल्यांदा दिसलं की वर्षातून एकदाच म्हणायची एक ब्राखा आहे. जगात काहीच उणं ठेवलं नाही आणि माणसाला आनंद व्हावा म्हणून सुंदर झाडं केली, असा तिचा आशय.

मित्र ३० दिवसांनी भेटला तर एक ब्राखा, आणि वर्षभराने भेटला तर थेट मेलेल्यांना जिवंत करणाऱ्याची. पूर्वी वर्षभर निरोप नाही म्हणजे माणूस आहे की नाही याची खात्री नसे. आता मध्ये फोन झाला असेल तर अनेकजण ती म्हणत नाहीत.

पावसाची ब्राखा आपल्याकडे चटकन समजावी. पाऊस लांबला आणि मग आला, तर आभार मानायचे ते पडलेल्या थेंबा-थेंबाचे. पण कधी? पहिल्या शिंतोड्यांना नाही. नवरदेव नवरीला सामोरा जातो तेव्हा, म्हणजे जमिनीवर साचलेल्या पाण्यातून थेंब वर उडून पडणाऱ्या थेंबांना भेटू लागले की. ओढ दिलेल्या जुलैनंतर अंगणात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेळ चुकणार नाही.

वाईट बातमीलाही ब्राखा आहे. तालमूदचा गाभा असलेली मिश्ना म्हणते, चांगल्यासाठी म्हणतो तसं वाईटासाठीही म्हणायचं. जवळचं कुणी गेलं की देवाला खरा न्यायाधीश म्हणायचं. तिथे ‘आभार’ हा शब्द येत नाही, आणि ते बरंच आहे. शिवाय आई-वडील, भावंडं, जोडीदार किंवा अपत्य गेलं असेल, तर दफन होईपर्यंत त्या माणसाला सगळ्या ब्राखांमधून मोकळं केलेलं आहे. खायच्या आधीचीही म्हणायची नाही. शंभराचा आकडा धरणाऱ्या धर्माने त्या दिवशी शून्य चालेल असं सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं.

नदीचे उपकार, कुत्र्यांचेही

मिसरवर दहा संकटं आली. त्यांतल्या पहिल्यात नील नदीचं पाणी रक्ताचं झालं. नदीवर काठी मारली कुणी? मोशेने नाही, भाऊ अहरोनने. का? मोशे तान्हा असताना त्याची टोपली याच नदीने सांभाळली होती. मातीवर काठी मारून उवा काढायची वेळ आली, तेव्हाही अहरोनच पुढे. कारण मोशेच्या हातून मारला गेलेला मिसरी माणूस मातीनेच झाकला होता. पाण्याला आणि मातीला काय कळतं? कळत नाही, पण मोशेला कळतं. ज्या विहिरीचं पाणी प्यायलो तिच्यात दगड टाकू नये, अशी जी शिकवण तालमूदमध्ये येते, ती हीच. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. इथे विहिरीच्या पाण्याला जागायचं.

कुत्र्यांची गोष्ट तर मला अतिशय आवडते. इस्राएल लोक मिसरमधून निघाले त्या रात्री एकही कुत्रं भुंकलं नाही. म्हणून निषिद्ध ठरलेलं, फाडलेल्या जनावराचं मांस कुत्र्यांना घालायचं. गप्प बसल्याची परतफेड आजतागायत चालू आहे!

आभार दुसऱ्याच्या तोंडून नाहीत

सिनेगॉगमध्ये प्रमुख अमिदा मोठ्याने पुन्हा म्हणतो तेव्हा बाकीचे फक्त ‘आमेन’ म्हणतात. मागणं असो, स्तुती असो, त्याने सगळ्यांच्या वतीने म्हटलेलं चालतं. फक्त आभाराच्या ब्राखेला, ‘मोदीम’ला, सगळे वाकतात आणि प्रत्येकजण आपापल्या तोंडाने वेगळा मजकूर म्हणतो. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये सेव्हिलला राहणारे अबुदारहाम यांनी कारण दिलं: आभार वकिलामार्फत मानता येत नाहीत.

एका रात्रीत ४० भाकरी

यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा संकटातून सुटलेला माणूस तिथे ‘तोदा’ म्हणजे आभाराचा यज्ञ करायचा. एक जनावर आणि सोबत ४० भाकरी: तीन प्रकारच्या बेखमीर, एक प्रकार खमीर घातलेला, प्रत्येकी दहा. चार याजकाला. उरलेल्या ३६ आणि मांस त्याच दिवशी, मध्यरात्रीपर्यंत संपवायचं. तशा प्रकारच्या इतर यज्ञांना दोन दिवस मिळत, इथे एकच. वोलोझिनचे रब्बी नफ्ताली बेर्लिन यांनी १९ व्या शतकात याचं इंगित सांगितलं: एकट्याने संपणारच नाही, मग माणसं बोलवावी लागणार, ती जमली की आपण कशातून वाचलो ते सांगावं लागणार. आपोआप पंगत! मिद्राश हा रब्बींचा भाष्यसंग्रह तर म्हणतो, पुढे कधी सगळे यज्ञ बंद झाले तरी आभाराचा तेवढा राहील.

मंदिर इ. स. ७० मध्ये पाडलं गेलं. आज त्या यज्ञाची जागा ‘हागोमेल’ ब्राखेने घेतली आहे. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, मोठ्या आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, अशा चौघांनी दहा जणांसमोर ती म्हणायची. समुद्रापलीकडे विमानाने जाऊन येणारेही आता म्हणतात.

तुरुंगातून सुटलेल्याचं सिनेगॉग

आणि कैदेतून सुटलेल्यांतला एक आपला कोकणी माणूस आहे. सॅम्युअल एझिकेल दिवेकर, ज्यांना सगळे सामाजी हसाजी म्हणत. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून जीव वाचला, अशी कथा समाजात सांगतात. सुटलो तर सिनेगॉग बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात तो फेडला. हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. नाव ‘शआर हारहमीम’, दयेचं द्वार. पुढे ते थोडं दूर हलवलं गेलं, पण आजही उभं आहे, आणि सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव त्यांच्यावरूनच. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, म्हणून जवळच्या मशीद बंदर स्टेशनचं नावही यावरूनच पडलं असं मानलं जातं.

नवस हा शब्द बेने इस्राएलांनी कोकणातच उचलला, आणि फेडायची पद्धतही इथलीच: मलिदा. भिजवून निथळलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम-बेदाणे. हे सगळं हलक्या हाताने कालवून थाळ्यात डोंगरासारखं रचायचं, भोवती फळं मांडायची, साधारण पाच प्रकारची. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने हिब्रू गाणं सुरू होतं आणि मंडळी ते घोळूनघोळून म्हणतात. मग जिन्नसागणिक ब्राखा: खजुराला झाडाची, केळ्याला जमिनीची. मघाचं वनस्पतिशास्त्र इथे अलिबागच्या ओटीवर कामाला येतं. लग्नाआधी, बाळ झालं, घर घेतलं, दुखण्यातून उठलं, पोरगं परीक्षेत पास झालं, की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात, ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात त्याला. नवस फेडायला लोक तिथवर जातात. झाडांच्या सणाला, तू बिश्वातला, इथे चक्क ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ असं नाव होतं. इस्रायलमध्ये अश्दोद, दिमोना, लोद इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत मलिदा आजही होतो, आणि पोहे भारतीय दुकानातून आणले जातात.

अठ्ठावीस वर्षांतून एकदा

सगळ्यांत दुर्मीळ ब्राखा सूर्याची. वर्षाचे ३६५ दिवस सहा तास धरले, तर सूर्य निर्मितीच्या वेळी जिथे होता त्याच जागी, त्याच वारी, त्याच घटकेला २८ वर्षांनी येतो, असा जुना हिशेब. सूर्य चौथ्या दिवशी घडवला म्हणून वार नेहमी बुधवार. मागच्या खेपेला, ८ एप्रिल २००९ ला, यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी पहाटे हजारो लोक जमले होते. पुढची तारीख बुधवार, ८ एप्रिल २०३७. ब्राखा उघड्यावर, सूर्य डोळ्याला दिसत असताना, सकाळच्या पहिल्या काही तासांतच म्हणायची असते. त्या दिवशी मुंबईत सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी होईल, आणि पावसाळा दोन महिने लांब असल्याने आभाळ मोकळं असण्याची चांगली शक्यता आहे.